राहेलबाईंना गात नेलं

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं काय बरं केलं ते सांगायला, मी उभा राहिलो की लोक आधीच हसायला लागतात, आणि माझी बायको एस्तर पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. ती काय शोधते हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाय. बहुतेक दुसरा नवरा शोधत असेल. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तर आणि मी एकमेकांना पार कंटाळलो तेव्हा सुटलो. त्यामुळे बायबलच्या वचनाला वचन जोडून बोलणं मला जमायचं नाय. पण देवानं केलेलं पोटात दाबून ठेवलं तर अपचन होतं, असं आमच्या राहेलबाई म्हणायच्या. म्हणून जे झालं तेवढं सांगतो. चमत्कार होता का नव्हता ते तुम्ही बघा. माझ्या हातनं काही बरं घडलं, हाच एस्तरच्या मते चमत्कार आहे.

त्या दिवसांत माझा विश्वास जरा ढिला झाला होता. देवावरचा म्हणत नाय. पण आमचं हे सगळं, म्हणजे चर्च, घंटा, मराठी उपासना, हे पुढं चालणार का आता शटर पडणार, असा किडा डोक्यात शिरला होता. अंबरनाथला आमचं जुनं चर्च आहे, त्याची मी देखभाल करतो. देखभाल म्हणजे कुलूप उघडायचं, बाकं पुसायची, कबुतरांना शिव्या द्यायच्या, पण देवाच्या घरात म्हणून हळू आवाजात, आणि रविवारी घंटा वाजवायची. राहायला आम्ही बदलापूरला, बेलवलीत, पोराच्या फ्लॅटमध्ये. पण मी सकाळी अंबरनाथला येतो आणि संध्याकाळी परत जातो, जशी काही कंपनीत अजून माझी हजेरी लागते.

तर रविवारी घंटा वाजवून मी दारात उभा राहायचो आणि कोण येतंय ते बघायचो. येणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे गुडघ्याला हात लावून पायरी चढणारे. पाळकसाहेब कल्याणहून यायचे. त्यांच्याकडं आणखी तीन-चार ठिकाणचं काम, म्हणून प्रार्थना संपवताना एक डोळा घड्याळावर. बाजाच्या पेटीच्या भात्यात उंदरांनी संसार मांडलेला. गाणं म्हणायची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर तोंड हलवायचा आणि शेवटी सगळा भार माझ्यावर यायचा. माझा आवाज म्हणजे गंजलेलं शटर वर ढकलल्यासारखा. गायक मंडळातनं मला तीनदा काढलं होतं, ते पण गायक कमी पडत होते तेव्हा.

आणि हेच चर्च मी लहान असताना कसं होतं म्हणता! माझे वडील नगरकडचे. तिकडची अर्धी ख्रिस्ती आळी इथल्या कारखान्यांत लागली. पहिली पाळी सुटली की रस्त्यावर नुसती नगरची बोली ऐकू यायची. रविवारी बाप्ये पायऱ्यांवर उभे, आम्ही पोरं खिडकीत, आणि आतनं गाण्याचा असा लोंढा यायचा की बाहेरच्या चिंचेवरचे कावळे उडायचे. नाताळात करंज्यांची ताटं सगळ्या कॉलनीत फिरायची, कुणाचा देव कुठला हे ताट विचारत नव्हतं. आणि सगळ्यांत मोठी मजा हंगामाच्या सणाची. दसरा झाला, शेतं कापली, की ज्याच्याकडं जे पिकलं ते तो वेदीपुढं आणून ठेवायचा. भोपळे, नारळ, केळीचा घड, तांदूळ, एखादी जिवंत कोंबडी. उपासना झाली की त्याच वस्तूंची लिलावाची बोली लागायची. पुढं पुढं बोली लावायचं काम माझ्याकडं आलं, कारण बाकी कशाला मी लायक नाय यावर मंडळीचं एकमत होतं. एक लिंबू मी अर्धा अर्धा तास विकायचो. "बघा, बघा, याच्यासारखं आंबट तोंड अख्ख्या अंबरनाथात फक्त आमच्या सासूबाईंचं!" शेजारच्या चिखलोली गावचे शेतकरी, कंपनीच्या क्वार्टरमधल्या कदम वहिनी, सगळे हिंदू शेजारीपाजारी बोली ऐकायला यायचे आणि घरचं काहीतरी देऊनपण जायचे. त्या दिवशी घंटा नुसती घणघणायची. घंटा ऐकली की पोरं ओरडायची, "सण, सण!"

मग काय झालं ते एका दिवसात झालं नाय. कारखाने बंद पडले, क्वार्टर पाडले, पोरं पुण्याला, दुबईला गेली. माझा पुतण्या तर पार कॅनडाला गेला. त्यानं एकदा फोनवर दाखवलं, तिकडं एक दगडी चर्च होतं, त्याचं हॉटेल झालेलं. जिथं वेदी तिथं दारूच्या बाटल्या मांडलेल्या. "काका, इकडे गोरेच चर्चला जात नाहीत," तो म्हणाला. मला वाटलं, ज्यांनी आणलं त्यांनीच गाशा गुंडाळला, तर आपण कुठले टिकतो?

पण दुसरीकडं बघावं तर उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर नवी प्रार्थना सुरू झालेली, हिंदीतली. तिथं बसायला जागा नाय म्हणून खुर्च्या जिन्यावर. मी गुपचूप बघायला गेलो. ड्रम, गिटार, सिंधी बायका, यूपीची पोरं, सगळे हात वर करून गात होते. दारात एका पोरीनं माझ्या शर्टाला फूल लावलं आणि विचारलं, "अंकल, फर्स्ट टाइम?" म्हणलं, "बेटा, माझी तिसरी पिढी आहे." तिनं टाळ्या वाजवल्या आणि मला नव्या लोकांच्या रांगेत बसवलं. टाळी माझी नेहमी उशिरा पडायची. शेजारचा माणूस माझ्याकडं बघून हसायचा आणि थांबून मला गाठू द्यायचा. चांगली माणसं. घरी येताना मात्र मी रडलो. चांगलं चाललंय म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. पण शेजारच्या घरात बारसं असलं म्हणून आपल्या घरातलं आजारपण कुठं जातं?

हे सगळं मी जाऊन राहेलबाईंना सांगायचो. राहेलबाई म्हणजे चर्चमागच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या बाई. कंपनीच्या बालवाडीत त्यांनी आयुष्यभर पोरं सांभाळली, आणि रविवारी दुपारी ओट्यावर शाळा भरवली. लग्न नाय, भाऊबंद नाय. उंचीला एवढ्याशा, पण कान पिरगाळायला कुणाचाही कान त्यांच्या हाताला लागायचा. मी पासष्टी ओलांडली तरी मला त्या "लेकरा" म्हणायच्या, आणि रागात असल्या की "येड्या". म्हणलं, "बाई, आपलं संपलं का हो?" त्या म्हणाल्या, "तू आधी चहा गाळ, उतू चाललाय." मी एवढं काळीज उघडं करून बसलो होतो आणि ह्यांना चहाची पडलेली. मी गाळला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "एक काम करशील? मला मुकी नेऊ नको."

मला कळलं नाय. त्या म्हणाल्या, "मेल्यावर रे. हल्ली गाडीत घालतात, दार लावतात, भुर्रकन नेतात. मला चालत न्या. गात न्या. माझ्या आईला नगरला अख्ख्या आळीनं गात नेलं होतं, मी तिच्या पेटीमागं चालले होते. मुकं जायला मी काय पोस्टाचं पार्सल आहे?"

मी म्हणलं, "नेतो की. मी स्वतः गातो."

"तू नको रे बाबा गाऊ," त्या म्हणाल्या, "मला पोचू दे."

हसलो दोघं. पण पायऱ्या उतरताना मी बोटांवर गाणारे मोजायला लागलो. कारण शब्द तर दिला, आणि गाणारं कोण उरलं होतं?

त्या गेल्या त्या दसरा होऊन थोडे दिवस झाल्यावर, पहाटे, झोपेतच. मी सकाळी दूध घेऊन गेलो तर कुशीवर, गालाखाली हात, जशी बालवाडीत पोरं झोपवतात तशा. डॉक्टर येऊन गेले. पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "दुपारी उरकूया. मी व्हॅन सांगतो. थेट दफनभूमीत, तिथंच छोटी प्रार्थना." मी म्हणलं, "साहेब, बाईंना गात न्यायचंय." ते मग म्हणाले, "कोण गाणार? तुम्हीच सांगा." रागानं नाय म्हणाले, खरंच विचारलं. मी फोन लावत सुटलो. जुन्या गायक मंडळातले एक जण ऑक्सिजनवर, दोघं पुण्याला नातवंडांकडं, एकीला ऐकूच येत नव्हतं, ती म्हणाली, "हॅलो, गॅसवाले का?" शेवटी उल्हासनगरच्या नव्या प्रार्थनेवाल्यांना लावला. ते बिचारे सगळे नाशिकच्या सभेला गेलेले. म्हणाले, "अंकल, हम इधर से प्रेयर करते हैं." एस्तरला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्ही एकटे गाणार? अहो, तुमचा आवाज ऐकून बाई उठून बसतील." म्हणायला गेली चेष्टेत आणि बोलता बोलता तीच पदर डोळ्याला लावून बसली.

मयताची पेटी आणायला मी उल्हासनगरला फर्निचर बाजारात गेलो. आमची पेटी करणारा म्हातारा मागंच वारला होता, आणि त्याची पेटी कुणी केली कुणास ठाऊक. किशनभाई म्हणून एक सिंधी कपाटं, दिवाण बनवतात, चर्चची बाकं त्यांनीच दुरुस्त केलेली. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बॉक्स मैंने कभी बनाया नहीं, साईं. साइज बोलो." साइज मला कुठं माहीत? माप घ्यायचं मी विसरलोच होतो. मग मी दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, प्लायवुडवर आडवा झालो आणि म्हणलं, "माझ्या खांद्यापासून खाली, एवढ्या होत्या." एक बाई सोफा बघत होती, ती घाबरून बाहेर गेली. किशनभाईंनी पेन्सिलनं माझ्याभोवती रेघ मारली. मग हळूच विचारलं, "सनमायका कौनसा लगाऊँ?" म्हणलं, "त्यांना पांढरा आवडायचा." दोन कारागीर बसवून त्यांनी दुपारच्या आत पेटी उभी केली, कडेला बारीक पट्टीसुद्धा मारली, आणि स्वतः टेम्पोत बसून आले.

बाईंना पेटीत ठेवलं, चर्चमध्ये आणलं. आत आम्ही नेहमीची म्हातारी मंडळी आणि पाळकसाहेब. पंख्याचा आवाज तेवढा. साहेब म्हणाले, "घंटा वाजवा, मग निघू."

आता घंटेचं सांगतो, कारण माझी खरी अक्कल तिथं उघडी पडली. मरणाची घंटा हळू वाजवतात. दोरी एकदा ओढायची आणि धरून ठेवायची. आवाज पुरता विरेपर्यंत घंटा झुलू द्यायची नाय. मग दुसरा ठोका. त्याला खांद्यात जोर लागतो. सणाची घंटा सोपी, दोरी सोडून द्यायची, ती आपली आपण घणघणते. मी पहिला ठोका दिला, दोरी धरली, आणि बाईंचा गालाखालचा हात डोळ्यापुढं आला. रडू फुटलं. हात सुटला. घंटा लागली झुलायला. तिला आवरायला मी दोरीला लोंबकळलो, तर तिनं मलाच वर उचललं. एक चप्पल इकडं, एक तिकडं. जितका मी तिला थांबवायला जातो तितकी ती जोरात. अख्ख्या अंबरनाथला ऐकू जाईल अशी सणाची घंटा, दणादण, दणादण, आणि खाली मी माकडासारखा वर-खाली. एस्तर धावत आली. "अहो, काय करताय हे! मयत आहे, मयत!" म्हणलं, "मी काय करतोय? हीच करतीय!" शेवटी तिनं माझी कंबर धरली, तेव्हा कुठं आम्ही दोघं आणि घंटा, तिघं थांबलो.

शरमेनं मी दाराआड तोंड लपवून बसलो. आयुष्यभर हसवलं ते हसवलं, बाईंच्या मरणालाही तमाशा केला. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी तिथं जमिनीवर बसूनच म्हणालो, "प्रभो, मला एक काम दिलं होतं तिनं. तेपण मी घालवलं. आता तुझं तू बघ." त्याला प्रार्थना म्हणता येईल का नाय माहीत नाय. मी खरंच हात टेकले होते.

व्हॅनची वाट बघण्यात अर्धा तास गेला, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. बघतो तर फाटकातनं कदम वहिनी येतायत. काठापदराची साडी, केसात गजरा, आणि कडेवर लेकरासारखा एक भोपळा. "काय हो भावजी," लांबूनच म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी सण सुरू केलात आणि निरोप नाही द्यायचा? घंटा ऐकली म्हणून कळलं!" त्यांच्या मागं त्यांच्या सुना. मागं रिक्षा स्टँडवरचे दोघंतिघं, एकाच्या हातात नारळ. नव्या बिल्डिंगमध्ये गेलेले जुन्या क्वार्टरमधले, कुणाकडं केळी, कुणाकडं तांदळाची पिशवी. आणि चिखलोलीचा बाळू भोईर मोटरसायकलवर, मागं पाटीत पाय बांधलेली कोंबडी. त्याच्या बापाच्या शेतात आता टॉवर उभे राहिलेत, पण कोंबड्या त्यानं ठेवल्यात. "मामा," तो म्हणाला, "आमचा बाप दर साली आनायचा, मंग मी पन आनली. बोली कवा लावतोस?"

मी नुसता आत हात केला. वहिनींनी दारातनं पाहिलं. पांढरी पेटी, वर दोन मेणबत्त्या. "कोण?" म्हणलं, "राहेलबाई." वहिनी भोपळा मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या. गजरा काढायला हात वर गेला, तो तिथंच थांबला. मग बाळू भोईर चपला काढून आत गेला, कपाळावर टिळा तसाच, आणि त्यानं ती कोंबडी पेटीच्या पायथ्याशी ठेवली. कोंबडीनं एकदा मान वळवून पाळकसाहेबांकडं बघितलं आणि गप्प बसली. मग एकेक जण येऊन आपापलं आणलेलं ठेवत गेला, नारळ, केळी, तांदूळ. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमचा हंगामाचा सण बंद पडून किती वर्षं झाली, आणि मी मान वर केली तर वेदीपुढं बाईंच्या भोवती सगळं मांडलेलं होतं, जसं पूर्वी मांडायचे तसं.

व्हॅन परत पाठवली. खांद्याला आता माणसंच माणसं. किशनभाई पेटी पोचवून जाणार होते, तेपण पुढं आले. म्हणाले, "मैंने बनाया है, एक कोना मेरा." पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं. आवाज चांगला त्यांचा, पण बिचाऱ्यांना सर्दी, दुसऱ्या ओळीला घसा बसला. आम्ही म्हाताऱ्यांनी ओढून धरलं, जुन्या क्वार्टरच्या कोपऱ्यापर्यंत नेलं, आणि तिथं दम संपला. मागं एवढा जमाव, पण त्यांना आमची गाणी कुठली येणार? नुसती पावलं वाजत होती. माझा खांदा पेटीखाली, तोंड उघडं, आवाज नाय. मनात म्हणलं, बाई, मुकीच चाललात हो तुम्ही. माणसं दिली देवानं, पण गाणं नाय दिलं.

तेवढ्यात मागनं कुणीतरी गुणगुणलं. आधी मला वाटलं रिक्षावाल्याचा फोन वाजतोय. मग शब्द कळले.

"चल रं मेंढरा, दिस बुडाला,
धनी दारात उभा राहिला..."

बाळू भोईर गात होता. मिशीवाला, पोट सुटलेला, गावकीत ज्याच्या शब्दाला वजन असा माणूस, खाली मान घालून लहान पोराच्या सुरात गात होता. हे कुठल्या पुस्तकातलं गाणं नाय. बाईंनी स्वतः जुळवलेलं, नगरच्या जात्यावरच्या चालीत, रविवारच्या ओट्यावरच्या पोरांसाठी, आणि ओट्यावर क्वार्टरची, चिखलोलीची, कुणाचीही पोरं बसायची. मी पार विसरून गेलो होतो. वहिनींच्या थोरल्या सुनेनं दुसरी ओळ उचलली, ती याच क्वार्टरची माहेरवाशीण. मग नारळवाला, मग केळीवाला, मग सगळा जमाव.

"काटा मोडला, पाय दुखला,
उचलून घेईल तोच तुला..."

आणि या गाण्याला हातवारे होते. काटा मोडला म्हणलं की एका पायावर लंगडायचं, बाईंनी तसंच शिकवलेलं. आता ज्याला गाणं आठवलं त्याला लंगडणंपण आठवलं. पन्नाशीची माणसं, दोन नातवांच्या आज्या, रिक्षावाले, भर रस्त्यात पेटीमागं लंगडायला लागले. खांदेकरीपण त्यातलेच. "काटा मोडला" आलं की पेटी एका अंगाला झुकायची. किशनभाई घामाघूम. "अरे सीधा चलो ना! लंगड़ा क्यूँ रहे हो सब? माल हिल रहा है!" मला हसू आवरेना आणि रडूपण आवरेना. रस्त्यावरची वाहनं थांबली. एका दुकानदारानं रेडिओ बंद केला आणि तो उभा राहिला. बाजूच्या गॅलरीतनं एक म्हातारी डोकावली, बघितलं, आणि तिथनंच गायला लागली. मी पण गायलो. बाईंनी नको म्हणलं होतं, पण त्या गर्दीत माझं शटर कुणाला ऐकू येणार?

दफनभूमीत पेटी खाली सोडली. साहेबांनी मातीला माती म्हणलं, आम्ही मूठ मूठ टाकली. बाळू भोईर मूठ भरून उभा राहिला. "मामा, मी टाकली तर चालंल ना?" म्हणलं, "चालेल काय, टाक." त्यानं टाकली, हात जोडले आणि म्हणाला, "बाईनी मना मारलाय पन लय. आमचा आजा बोलायचा, ख्रिस्तीन बाई पोरास बाटवंल. बाईनी काय बाटवला नाय, गोल्या देऊन दात तेवरं किडवलं." सगळे हसले. कबरीच्या काठावर एवढं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर वहिनींनी त्या भोपळ्याची भाजी केली, चर्चच्या मागच्या ओट्यावर, बाईंच्याच पातेल्यात. तांदूळ शिजला, केळी वाटली. कोंबडी तेवढी बाळूनं परत नेली. म्हणाला, जी बाईच्या पायाशी बसून आली ती कापवनार नाय आता. ती चिखलोलीत अजून अंडी देतीय.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये परत तेवढीच माणसं. कुणी नवीन आलं नाय, आणि मी कुणाला या म्हणलंही नाय. पुतण्याचा फोन आला, त्याला म्हणलं, तुझ्या त्या हॉटेलवाल्या चर्चच्या आसपास राहणाऱ्यांना विचार कधी, कोणाच्या तोंडात कुठलं गाणं राहिलंय ते. उल्हासनगरची पोरं सभेहून परत आली, फूल लावणारी पोरगी भेटायला आली, तिला आम्ही मेंढराचं गाणं शिकवलं. ती ते ड्रमवर बसवणार म्हणते. बाईंनी कान धरला असता का पाठ थोपटली असती, सांगता येत नाय.

धर्म वाढतोय का आटतोय, हे माझ्यासारख्या चौथी नापासानं ठरवायची गोष्टच नव्हती. मी उगाच देवाच्या धंद्याची काळजी वाहत बसलो होतो, जसा काही त्यानं मला मुनीम ठेवलाय. मला जे करायचं होतं ते मला जमलं नाय. हात सुटला तेव्हा ते त्यानं केलं. एवढंच मला कळलं. त्याचे उपकार माझ्या तोंडात मावत नाहीत, आणि माझं तोंड काय लहान नाय, एस्तरला विचारा.

परवा बाळू भोईर रिक्षा स्टँडवर भेटला. चहा पाजला आणि म्हणाला, "मामा, तुला न्यायच्या येलंला कंचा गाना बोलायचा, आताच सांगून ठेव. नाय तर मंग आमची पंचाईत." मी विचार करायला लागलो. हे चांगलं, ते चांगलं, हे कोणाला येणार नाय, त्याला चाल अवघड. मग मीच थांबलो. म्हणलं, "बाळ्या, मी तेव्हा आडवा असणार. तुम्ही न्याल तसा येईन."